रावतकाकांच्या डब्यातली चटणी

प्रिय बाबा,

उद्या सकाळी दहा वाजता तळोज्याला रावतकाकांची चौकशी आहे. नशा करून ड्युटीवर आले, असं कंपनीने त्यांच्या नावावर लिहिलंय. त्यांनी नशा केली नव्हती. ती माझ्या हातून त्यांच्या पोटात गेली. हे आत्ता चारच माणसांना माहीत आहे. मला, आईला, जनाकाकाला आणि आज दुपारपासून बबिताला. पाचवे तुम्ही.

म्हणून लिहितोय. तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला कधी काही विचारलं नाही. तुम्ही बोलायला लागलात की मी चपला शोधायचो. आता विचारायचंय तर वही घेऊन बसलोय. वही सेकंड इयरची आहे, आणि अर्ध्याच्या पुढे कोरी. ती कोरी का आहे, त्यावर आपलं भांडण होऊन गेलंय. ते परत नको.

रावतकाका म्हणजे बबिताचे वडील. बबिताला तुम्ही एकदाच पाहिलंत, करंजाड्याच्या चौकात, माझ्या बाइकवर मागे बसलेली. घरी आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "तिला पण हेल्मेट दे." मी त्यावरही भांडलो होतो. काय बोललो ते आठवत नाही. मोठ्याने बोललो होतो, हे आठवतं.

ते लोक गढवालचे. रावतकाका वीस वर्षं कंपनीची बस चालवतायत, बबिता इथेच वाढली, आपल्यासारखंच मराठी बोलते, फक्त चिडली की हिंदीवर जाते. त्यांच्याकडे भांगेच्या बियांची चटणी असते, आपल्याकडे सुकटीची असते तशी. तिने मला पहिल्यांदा खायला दिली तेव्हा मी दचकलो होतो. ती हसली. म्हणाली, नशा पाल्यात असते, बोंडात असते, बियांत नसते, आमच्याकडे लहान पोरं पण खातात. मग लसूण, हिरवी मिरची, जिरं, लिंबू आणि ते भाजलेलं बी. आईच्या तांदळाच्या भाकरीबरोबर काय लागते, बाबा! तुम्हाला कळलंच नाही.

कळलं नाही, कारण तुम्ही खाल्ली नाहीत. मी ताट तुमच्यासमोर ठेवलं आणि तुम्ही एकामागून एक विचारत सुटलात. बी कुठून आणलं, पाकिटावर लायसनचा नंबर आहे का, फोडल्यावर कशात ठेवलंस. जणू मी तुमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये ड्रम घेऊन आलेला ट्रकवाला. शेवटी म्हणालात, माझी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, डॉक्टरला विचारतो, मग खातो. बबितानेही मला हेच सांगितलं होतं, गोळ्या चालू असलेल्या माणसाला विचारल्याशिवाय देऊ नको म्हणून. तिचं मी निमूट ऐकलं होतं. तुम्ही तेच बोललात तर माझा अपमान झाला! ताट उचललं आणि सिंकमध्ये ओतलं. डॉक्टरची तारीख पुढच्या गुरुवारची होती. तुम्ही सोमवारी गेलात.

आता डब्यांचं सांगतो. इथेच सगळं घडलं.

तुम्ही कंपनीतून येताना ती पांढरी स्टिकरं आणायचात आणि आईच्या प्रत्येक डब्यावर चिकटवायचात. "मीठ." "खाण्याचा सोडा." "धुण्याचा सोडा, खाण्याचा नाही." आई म्हणायची, पंचवीस वर्षं मी या घरात रांधते, मला मीठ कळत नाय काय? सगळी आळी हसायची. मी तर पोरांना घरी आणून दाखवायचो. पाण्याच्या हंड्यावर पण "पाणी" लिहिलं होतंत तुम्ही, आठवतं?

तुमच्या तेराव्यानंतर मला ते अक्षर बघवेना. चहा करायला गेलो की साखरेवर तुम्ही, डाळीवर तुम्ही. एके दिवशी डोकं फिरलं. सगळे डबे, सगळ्या बाटल्या बादलीत गरम पाण्यात बुडवल्या आणि सुरीने खरवडून काढली स्टिकरं. आई दारात उभी होती. मला वाटलं, तिलाही बरं वाटत असेल.

त्यातच माळ्यावरची कॉफीची जुनी बाटली होती. गेल्या शिवरात्रीला जनाकाकाने आणलेला भांगेचा पाला, वाटून भरलेला. तुम्ही त्याला घरात ठेवू देत नव्हता, तो तुमच्या पाया पडला, तेव्हा तुम्ही लाल पेनने लिहिलंत, "जनाचा पाला. रांधायचा नाही." आणि माळ्यावर टाकलीत. काका न्यायला विसरला. मी ती लाल पट्टी बाकीच्या ढिगात खरवडली. वाचलीसुद्धा नाही. बाटली परत माळ्यावर टाकली.

दोन आठवड्यांपूर्वी आईने माळा झाडला. बाटली खाली आली, ओट्याशेजारच्या फळीवर बसली. तिच्याशेजारी माझी बाटली. तीही कॉफीचीच. भाजून वाटून ठेवलेलं बी.

खरं तर बाटली फ्रिजमध्ये हवी होती, बाबा. बबिताने शंभरदा सांगितलंय. सीलबंद पाकीटच घे, सुटं घेऊ नको. बी परातीत पसर, पाल्याचा कण दिसला, काडी दिसली, काढून टाक. मंद आचेवर भाज, तडतडायला लागलं की उतरव. वाटलेलं बाहेर ठेवलंस तर खवट होतं. आणि नवीन माणसाला चमचाभरच. मी तिचं सगळं ऐकायचो, प्रेमात असल्यावर ऐकतोच माणूस. करायच्या वेळी मात्र माझंच खरं.

त्या मंगळवारी मी रावतकाकांना डबा पाठवणार होतो. कॉलेज सोडलेला पोरगा काय करतो, असं त्यांनी बबिताला विचारलं होतं. मला दाखवायचं होतं, काय करतो ते. आणि फोडणी तडतडत असताना तिचाच फोन. तिने सहज विचारलं, परत अ‍ॅडमिशन घेतोयस ना? मी पेटलो. मोबाइल खांद्याला, हातात चमचा, तोंड चालू. बाटली उचलली, तीन चमचे टाकले, परतलं, कोथिंबीर टाकली, सगळं हिरवंगार. चाखलं नाही. रंग वेगळा होता, बाबा. आता दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर शेंबडं पोरही सांगेल. वासही वेगळा. पण मला त्या वेळी फक्त माझाच आवाज ऐकू येत होता.

रावतकाकांनी दुपारी जेवून घेतलं. आवडली म्हणून डबा पुसून खाल्ला. सेकंड शिफ्टची माणसं आणायला निघायचं होतं. बसमध्ये चढले, चावी लावली आणि त्यांना स्टीअरिंग लांब गेल्यासारखं वाटलं. तोंडाला कोरड, हात जड. त्यांनी चावी काढली, खाली उतरले, गेटवरच्या सिक्युरिटीला चावी दिली आणि म्हणाले, "मेरे को कुछ हो रहा है, गाडी किसी और को दो."

गाडी काढली असती तर? तळोज्याचा तो रस्ता, ते टँकर, बसमध्ये चाळीस माणसं. तेव्हापासून मी ती बस रोज डोळ्यांसमोर चालवतोय.

हॉस्पिटलात लघवी तपासली, रिपोर्टमध्ये भांग आली. ज्या माणसाने लग्नात कधी बियर घेतली नाही त्याला घरी बसवलंय. दुसऱ्या दिवशी तब्येत बरी झाली. पण बबिता म्हणते, पप्पा दिवसभर युनिफॉर्मला इस्त्री करत बसतात.

तिने मला फोनवर विचारलं, "सुजित, चटणीत काही होतं का?" साधा प्रश्न होता. मी काय म्हणालो माहितेय? "म्हणजे मी तुझ्या बापाला नशा दिली, असं म्हणायचंय तुला?" तिने फोन ठेवला. मग पाच दिवस उचलला नाही.

मी तुर्भ्याला गेलो, जिथून बी आणलं त्या दुकानात. दुकानदाराची कॉलर धरली. चार माणसं धावली. तो म्हातारा मात्र शांत. त्याने तसलंच पाकीट समोर फोडलं, मूठभर बी तोंडात टाकलं आणि चावत चावत मला नंबर दाखवला, तारीख दाखवली. मग म्हणाला, "माझा माल मी खाऊन दाखवला. आता घरी जा, आणि तुझा डबा तू खाऊन बघ."

घरी आलो. फळीवर दोन बाटल्या. एकीचं झाकण उघडलं तर आई आतून डोकावून म्हणाली, "ती कशाला खोललीस? ती तं तुझ्या काकाची हाय ना." तिला माहीत होतं! मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण मी कधी कुणाला विचारतो का?

काल जनाकाकाला बोलावलं. तो ऐकून खाली बसला. मग उठला आणि दार लावून घेतलं. म्हणाला, "येड्या, तोंड उघडशील तं घरात भांग होती हे लिहून दिल्यासारखं हाय. लायसन नाय, काय नाय. पोलीस तुला नेतील, मला नेतील. रावत परका मानूस, त्याला दुसरी नोकरी भेटेल." बाटली त्याने बाथरूममध्ये रिकामी केली आणि पिशवीत घालून घेऊन गेला. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्याचं वाईट नाही, बाबा. घाबरलाय. मीही घाबरलोय. रात्रभर मी त्याच्या बाजूने वाद घालत होतो. पुरावा गेला, कुणाला कळणार नाही, रावतकाकांचं वय झालंच आहे, काय काय सुचत होतं मला.

सकाळी आईने चहा दिला आणि स्वतःहून तुमची एक गोष्ट सांगितली. मी शाळेत असताना तुम्ही चुकीचा ड्रम काढून दिला होतात. कुणाला लागलं नाही, माल फुकट गेला. संशय हाताखालच्या नव्या माणसावर होता. तुम्ही दुपारी जेवण सोडून साहेबाकडे गेलात, मीच दिला म्हणालात. वर्षभर तुम्हाला स्टोअरमधून काढून गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं होतं. आणि स्टिकरं तेव्हापासून घरी यायला लागली.

हे मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं मी तुम्हाला भित्रा समजत होतो. हंड्यावर "पाणी" लिहिणारा माणूस! मला मार्कांचं सांगितलंत, केसांचं सांगितलंत, बाइकच्या स्पीडचं सांगितलंत. तुमच्याही हातून चूक झाली होती, एवढं एकदा सांगितलं असतंत, तर मी कदाचित चपला काढून खाली बसलो असतो. की नसतो बसलो? खरं सांगायचं तर नक्की नाही सांगता येत.

दुपारी बबिताला मेसेज टाकला, चटणीचं कळलंय, फोन उचल. तिने उचलला. मी सगळं सांगितलं, बाटलीपासून कॉलरपर्यंत. मी म्हणालो, उद्या दहा वाजता कंपनीत येतो, साहेबांसमोर लिहून देतो.

"कंपनीत नंतर," ती म्हणाली. "आठ वाजता घरी ये. पप्पांना समोर बसून सांग. त्यांना वाटतंय त्यांच्या डोक्यालाच काहीतरी झालंय. आता परत बस चालवता येणार नाही म्हणतात."

मी विचारलं, आणि आपलं काय? तर म्हणाली, "ते मला आत्ता विचारू नको." आणि ठेवला.

बाबा, खरं सांगतो, साहेबांसमोर जायला मला भीती नाही. अनोळखी माणसासमोर मी छाती काढून उभा राहू शकतो, त्यात मला जरा मजाच येते. पण इस्त्री करत बसलेल्या त्या माणसासमोर खाली बसायचं? त्यांनी डबा पुसून खाल्ला होता, आणि बबिताकडे निरोप पाठवला होता, पोराच्या हाताला चव आहे.

आई येते म्हणाली. मी नको म्हटलं. जनाकाकाचं नाव मी घेणार नाही. बाटली घरात होती, चमचा माझा होता, तेवढं पुरेसं आहे. पोलीस आले तर येऊ देत. बबिता गेली तर... ते वाक्य मला पुरं करता येत नाही.

तुम्हाला मी आजवर एकही शब्द दिला नाही, दिला असता तर पाळला नसता, म्हणून बरंच झालं. हा पहिला. उद्या आठ वाजता मी रावतकाकांच्या घरी असेन. ते ओरडले तर ओरडू देईन. त्यांनी दार लावलं तर दहा वाजता गेटवर उभा राहीन, आणि घरात जे सांगायचं होतं तेच तिथे सांगेन. आवाज चढवणार नाही. पहिलं वाक्य तयार आहे, "काका, तुम्हाला काही झालेलं नाही, चूक माझी आहे." दुसरं वाक्य मी मुद्दाम तयार केलेलं नाही. माझ्या सबबी नेहमी दुसऱ्या वाक्यापासून सुरू होतात.

तुमचा,
सुजित