दुआले लागते मायचं नाव

मलकापूर, शुक्रवार

ती. मायले जयमालाचा पाया पडून नमस्कार.

तुह्या जावयाचं हार्टचं ऑपरेशन सोमवारी आहे. डॉक्टर म्हणते, भ्यायचं कारण नाही. तू गुडघ्याले तेल लावतं का?

पुढचं फोनवर सांगता येत नाही. तुह्या फोनचा आवाज साऱ्या ओसरीले ऐकू जाते.

काल सासूबाई अन् मी टेकडीवरच्या दर्ग्यात गेलो. बाजूच्या जुन्या मशिदीतली नमाज सुटेपर्यंत पायरीवर बसलो. मंग दुआसाठी मुजावरानं नाव विचारलं. मी म्हटलं, "राजकुमार वामनराव."

"बापाचं नाही, बाई. इथं जन्म देणाऱ्या मायचं नाव लागते."

मी सासूबाईचं नाव, "आशाबाई", म्हणणार, तर त्यायनं माहा हात दाबला.

"कौतिका," त्या म्हणाल्या. "माही मोठी बहीण. राजकुमारले जन्म देऊन वारली. दुआ दुसऱ्याच्या घरी जायले नको."

माय, तुह्या जावयाले हे काहीच माहीत नाही. सोयरीक करताना तुले माहीत होतं का?

घरी आल्यावर यायनं विचारलं, "कोणाच्या नावानं मांगितली दुआ?"

सासूबाई कणीक मळत होत्या. त्यायचे हात थांबले.

मी म्हटलं, "तुमच्या मायच्या."

"मंग मले काय होते!" म्हणत हे सासूबाईकडे पाहून हसले.

वाचून झालं की हे पत्र चुलीत टाक.

तुही,
जयू