गॅरेजमधली आगगाडी

डेस्मंड,

घर बदलल्यावर विमावाल्यांना तू बिनदिक्कत कळवलंस की गाडी रात्री कुलूपबंद गॅरेजमध्ये असते. गॅरेजमध्ये तुझी खेळण्यातली आगगाडी आहे, बोगदे आणि सिग्नलसकट. गाडी रस्त्यावर. काल रात्री कुणीतरी तिचा आरसा उडवून गेलं. आता भरपाई कुठल्या तोंडाने मागायची? साठी आली तुझी, अक्कल कधी येणार?

सकाळी मीच फोन करून खरं काय ते सांगितलं. यापुढे गाडी रात्री ग्वेनच्या आवारात राहील. फोनवरच्या मुलीने विचारलं, "रोज रात्री?" म्हटलं, "रोज. मीही आता बहिणीकडेच झोपणार आहे."

हॉलमध्येही रूळ टाकून घे. जागा झाली आहे.

म्युरियल