कुहीच्या भिंतीवरचा माझा फोटो

मी, वामन मारोतराव भोयर, वय एकसष्ट, राहणार नंदनवन, नागपूर. फुफ्फुसं गेली, डोकं शाबूत आहे. हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्याच हातानं लिहून राहिलो. वकिलाची भाषा मले येत नाही.

१. दोन खोल्यांचं घर भाचा अनंतले. त्यानं माझं मेडल पोराईले खेळाले दिलं. परवा ट्रंक उघडून म्हणे, "मामाजी, हे उधईनं खाल्लेले कागद काहून सांभाळून राहिले? जाळून टाका ना." तरी घर त्यालेच. दुसरं आहे कोण?

२. फौजेतलं पगाराचं पेबुक, डिस्चार्जचा कागद, इटलीचे फोटो त्यानं खुशाल जाळावे. एक फोटो सोडून.

३. तो कुहीच्या सुमतीले द्यावा. त्यात दोघं आहेत. मी, अन् तिचा बाप, माझा फौजेतला सोबती धोंडबा चापले. कैरोच्या स्टुडिओत काढला, दोन प्रती. एक त्यानं घरी पाठवली. पुढं इटलीत त्याची लॉरी सुरुंगावर गेली. मागच्या लॉरीत मी होतो.

तार आल्यावर त्याच्या म्हाताऱ्या, डोळ्यानं अधू बापानं तो फोटो गांधीबागेत फ्रेमवाल्याकडे नेला. फ्रेमवाल्यानं मधून कापला, एक अर्धा मढवला, एक फेकला. मढवला तो मी.

शेहेचाळीस साली कुहीले गेलो, तर भिंतीवर माझं थोबाड, वर हार. धोंडबाची बायको रुखमाबाई हळूच म्हणाली, "भाऊजी, मले काय ओळखू येत नाही? तुमचंच तोंड आहे. पण फोटो एकच होता. पोरीले बाप म्हणून काही तर दाखवाले पाहिजे ना." तीन वर्षांची सुमती भिंतीकडे बोट करून म्हणे, "माहा बाबा." माझ्याकडं पाह्यलंही नाही. फोटोतली मिशी मी परतीच्या आगबोटीवरच काढली होती.

दुसरी प्रत तेव्हा खिशात होती. द्यालेच गेलो होतो. दिली नाही. मले कोणी बाबा म्हटलं नव्हतं, बरं वाटलं. मग लग्न झालं, लेकरू झालं नाही, बायको गेली. फोटो देणं राहूनच गेलं. कुहीले जाणंही सोडलं.

तेहतीस वर्षं झाली. पितरपाटात त्या फोटोपुढं पान वाढतात. मी इथं जिवंत जेवतो, अन् तिथं धोंडबा उपाशी.

रुखमाबाई गेल्या महिन्यात वारली. आता हे माहीत असणारा मी एकटाच.

४. सुमतीबाई, खुर्चीवर बसला तो तुझा बाप. हनुवटी पाह्य, तुझीच आहे. उभा तो मी. मले भिंतीवरून उतरव. माफी मागत नाही. कोणाची मागू, तुझी का त्याची?

५. अनंतनं माझा फोटो लावू नये, पान वाढू नये. दुसऱ्याच्या वाटचं मी जिवंतपणीच खाल्लं.

उद्या सर्वपित्री अमावस्या. कुहीची एस.टी. सकाळी सातला सुटते. मी जाणार नाही हे मले माहीत आहे, म्हणून हे लिहिलं.

सही: वा. मा. भोयर

साक्षीदार: ओमप्रकाश तिवारी, किराणा दुकान (सही पाहिली, मजकूर वाचला नाही)
साक्षीदार: पुष्पलता डोंगरे, शेजारीण

नंदनवन, नागपूर
२० सप्टेंबर १९७९