घरात माणसं किती

बनशंकरी, बेंगळुरू
रविवार, सकाळ

प्रिय आसावरी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचं तर फाड, पण आधी वाच, आणि पाकीट तेवढं फेकू नकोस, त्यात आणखी एक वस्तू आहे. बाबांच्या तेराव्याला तू तरातरा पुण्याला निघून गेलीस त्याला चौदा महिने झाले. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ अजून पूर्वीसारखीच चालते.

बातमी अशी की तुझी अक्का दिवाळखोर होते आहे. हसू नकोस, अगदी रीतसर, अर्ज करून. इथल्या शिवाजीनगरच्या कारखान्याची बाबांनी कंपनी केली, तेव्हा बँकेच्या कर्जाला जामीन म्हणून मी दाखवतील तिथे सह्या ठोकल्या होत्या. गॅसवर दूध होतं, ते उतू जाईल याचीच काळजी जास्त. बाबा गेले, कारखान्याला कुलूप लागलं आणि बँक माझ्या दारात आली. घरही तारण आहे, ते दिवाळीनंतर जाईल. आता न्यायाधिकरणाने गिरीराज नावाचा एक माणूस नेमलाय, जे. पी. नगरला त्याचं ऑफिस आहे. माझ्या शाळेच्या पेन्शनमधून जगण्यापुरतं मला ठेवायचं, उरेल ते तीन वर्षं बँकेला द्यायचं. जगायला किती लागतं, ते मात्र खर्चाच्या तक्त्यात एकेक ओळीने पटवून द्यावं लागतं.

माणूस भला आहे गं. दर ओळीला स्वल्प कमी करा म्हणतो, पण अम्मा म्हणून म्हणतो. तांदूळ किती, सिलेंडर किती दिवस जातो, गोळ्या कुठल्या, सगळं विचारलं. तूप कशाला, असंही विचारलं. मी म्हटलं, बाबा रे, तुपाशिवाय मी मेले तर तुझ्या बँकेला काय मिळणार? तूप राहिलं. फुलांवर मात्र तो अडला. रोज एक मोळा मल्लिगे, म्हणजे हातभर गजरा, महिन्याचे बाराशे रुपये. त्याने माझ्या रिकाम्या अंबाड्याकडे बघितलं. मग तक्त्याच्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. घरात माणसं किती? मी लिहिलं होतं, दोन.

बिचाऱ्याला वाटलं, म्हातारी सवयीने नवऱ्याला धरून बसली. त्याने मान खाली घातली, कोरा तक्ता काढून दिला आणि सोमवारी निवांत भरून आणा म्हणाला. मी सरी, बरं, म्हटलं नि आले. पण मी बाबांना धरलं नव्हतं, आसावरी. तुझ्या आईला धरलं होतं.

मी या घरात आले तेव्हा तू सात वर्षांची होतीस. माप ओलांडलं, नि तुझ्या आजीने पहिलं काम काय केलं, तर तुझ्या आईच्या, उल्काच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या हातावर ठेवला. ती सवाष्ण गेली, मान तिचा पहिला, आधी तिचा घास, मग तुझा, असं मला म्हणाल्या. सव्वीस वर्षं मी ते पाळलं. भाताची पहिली मूद तिची, फिल्टरमधली पहिली कॉफी तिची, टाकावर फूल रोज. बारा वर्षांची असताना तू मला म्हणाली होतीस की हे सगळं तू लोकांना दाखवायला करतेस. खरं सांगू? पहिली काही वर्षं मी ते रागानेच करत होते. मेलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं? मग केव्हातरी मी तिच्याशी बोलायला लागले. तुझे मार्क, बाबांचं बीपी, सगळं आधी तिला सांगायची. तुझा तो प्रणीतसुद्धा बाबांच्या आधी तिला कळला होता.

सहा वर्षांपूर्वी दिवाळीला कामगारांचे दोन महिन्यांचे पगार थकले होते. बाबा चार दिवस ताटावरून उठून जात होते. माझं सोनं आधीच गेलं होतं. तुझ्या आईच्या चार पाटल्या, तुला द्यायच्या म्हणून ठेवलेल्या, मी एका सकाळी पिशवीत घालून नेल्या आणि सराफाकडे मोडल्या. बाबांना सांगितलं, माझ्या माहेरच्या आहेत. ते तसंच समजून गेले. तेराव्याला तू विचारलंस तेव्हा मी लॉकरमध्ये आहेत म्हणाले, आणि तू माझ्या तोंडाकडे बघितलंस. मी खोटं बोलले, आसावरी. तुझ्या आईची तेवढीच वस्तू तुझ्यासाठी उरली होती आणि ती मी विकली. घरातलं सोनं कुठे गेलं हे परवा गिरीराजला लिहून द्यावं लागलं, तिथे खरं लिहिलं. परक्या माणसाला सांगितलं नि तुला नाही, याची मला फार लाज वाटली.

त्या दिवाळीपासून रोज सकाळी कॉफी गाळताना पाटल्या वाजतात. माझ्या मागे, ओट्यापाशी. पीठ मळताना वाजतात तशा, थांबून थांबून. माझ्या हातात तर काहीच नसतं. डॉक्टरांना कान दाखवले, उत्तम आहेत म्हणे. मी तिच्याशी बोलायचं सोडलं, पण तिचं करणं वाढवलं. वीतभर फुलांचा मोळाभर गजरा तेव्हापासून झाला. लाच म्हण हवं तर. भीती वाटते गं मला तिची.

बाबांच्या वर्षश्राद्धाला गुरुजींना विचारलं, पितृपक्षातल्या तिच्या अविधवा नवमीचं काय? ते म्हणाले, नवरा गेला की ती नवमी थांबते, आता तिचं वेगळं काही करायचं नसतं. म्हणजे गुरुजींनीही तिला खोडलं नि गिरीराजनेही. वर्षश्राद्धाच्या त्या दिवसापासून पाटल्या दुपारीसुद्धा वाजायला लागल्या. कुठे जायचं तिने? मी जाणार दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत, एका माणसाचा तांदूळ, अर्धा लिटर दूध.

म्हणून हे पत्र. पाकिटात कापसात गुंडाळलेला टाक आहे. गिरीराजला वजन करून दाखवला, देवघरातली वस्तू म्हणून त्याने सोडून दिला, तेव्हा चोरीचा नाही. तुझी आई आहे, तिला तुझ्या घरी घे. थाटमाट नको, पहिल्या कॉफीतला घोट आणि भाताचा एक घास. मला माफ नाही केलंस तरी चालेल, पण तिला उपाशी ठेवू नकोस, तिला सवय नाही. माझ्याबद्दल तिच्याशी बोललीस तर खरं ते बोल. टाक कापसात घातला त्याला तास झाला, आणि स्वयंपाकघरात काहीच वाजत नाही. वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. मघाशी कॉफीला उठले, दोन पेले काढले, एक परत फळीवर ठेवला, आणि ओट्याला धरून रडले. सहा वर्षं जिला भ्याले, तिच्याशिवाय या घरात माझं कोणी नव्हतं. तक्ता भरून ठेवलाय. घरात माणसं किती, एक.

तुझ्या तोंडून आई कधी न ऐकलेली, तरी तुझीच,
अहल्याक्का