गल्लीतून कोणी जात नाही

॥ श्री विठ्ठल ॥

कुंभकोणम, मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

चि. जननी हिला चंद्रमौलीकाकाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे क्षेम आहोत. परसातल्या केळीला घड धरला आहे. काकूची तब्येत बरी आहे. फोनवर बोललो असतो, पण तुझे नाव दिसले की ती शेजारी येऊन बसते आणि सगळे ऐकते. म्हणून पत्र.

तू मोबाईलवर पाठवलेले ते हलते चित्र मी चार वेळा पाहिले. आपल्या गावाचा नकाशा आणि त्यावर पळणारे ठिपके. निळी बस, लाल गाडी, पिवळा पायी माणूस. "काका, रस्ते खरोखर बदलण्याआधी आम्ही ते कम्प्युटरात बदलून बघतो," असे तू कौतुकाने सांगितलेस. मी बरे म्हणालो. मनात बरे वाटले नव्हते.

मी आठवी शिकलेला माणूस. पण चाळीस वर्षे पितळी भांड्यांच्या दुकानात तराजू धरला आहे. तराजूचा काटा काय दाखवतो ते मी नंतर बघतो. पारड्याखाली काही चिकटवले आहे का, ते आधी. तुमच्या चित्रात एकही गाय नाही. भाजीची गाडी रस्त्यात उभी नाही. रथाच्या दिवशी चारी रस्ते बंद होतात, ते कुठे आहे? आणि तुमचा बसवाला कॉफी प्यायला उतरत नाही का? असल्या गावात मीसुद्धा वेळेवर पोचेन.

हेही चालले असते. पण परवा नोटीस लागली. बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम मेळ्याच्या गर्दीसाठी रस्ते बदलणार. आपल्या गल्लीच्या तोंडाशी थांबणारी मिनीबस आता मोठ्या रस्त्याने सरळ जाणार. कारण काय, तर तिथे चढणारे कोणी नाही, असे कम्प्युटरने सांगितले. हरकत घ्यायची तर महिनाअखेरपर्यंत.

मी चित्र पुन्हा लावले. भिंग घेऊन पाहिले. आपल्या गल्लीतून एकही पिवळा ठिपका बाहेर येत नाही. बारा घरे आहेत, आणि एक माणूस नाही. मला वाटते, कोणीतरी आधी ठरवले की थांबा काढायचा, आणि मग कम्प्युटरकडून हो म्हणवून घेतले. खरे सांग, जननी, त्यात तुझा हात आहे का? तुझ्यावर दबाव असेल तर तसे लिही. मी कोणाला सांगणार नाही.

थांबा पाचशे पावले लांब गेला तर काय बिघडले, असे तू म्हणशील. बिघडते. उद्या लिहितो. काकू हाक मारते आहे.

बुधवार

काल जे लिहिले ते खोडत नाही. पण पुढचे वाच.

काल संध्याकाळी गुरुमूर्ति आला होता. तोच, समोरच्या घरातला, पोस्टातून निवृत्त झालेला. मी त्याला सांगितले की कम्प्युटरने आपल्याला गावातून पुसले. तो हसला. म्हणाला, "राव, कम्प्युटरला का शिव्या देता? तुम्हीच दारोदार सांगत फिरलात ना, की विचारलं तर 'कोणी कुठे जात नाही' म्हणा. त्यानं तुमचं ऐकलं. एवढं तर तुमची बायकोसुद्धा ऐकत नाही."

मी तुला हे सांगितले नव्हते. श्रावणात दोन मुली या रस्त्यांच्या पाहणीसाठी आल्या होत्या. सकाळी साडेसात. मी पायात चप्पल घालून, पिशवी घेऊन उंबऱ्यावर उभा. काकू माझ्या मागे. आणि ती मुलगी तमिळमध्ये विचारते, "ताता, कुठे निघालात?"

आपल्या घरात निघालेल्या माणसाला असे कोणी विचारत नाही. तुला ठाऊक आहे. तू लहानपणी एकदा विचारलेस, तेव्हा माझ्या आईने मला परत बसवून पाणी पाजले होते. त्या दिवशी मीही काकूला परत बसवले, पाणी दिले. मुलींना म्हणालो, कुठेच नाही. त्यांनी हातातल्या पाटीवर बोट फिरवत विचारले, आठवड्यात कोण, कुठे, कशाने जाते? मी म्हणालो, या घरातून कोणी कुठे जात नाही. मग वाटले, कर बसवतील, रस्त्यासाठी ओसऱ्या तोडतील. त्या पुढच्या घरी पोचण्याआधी मी सगळ्यांना तेच सांगायला लावले.

पारड्याखाली मीच चिकटवले होते, बाळ. तुझ्यावर संशय घेतला, तो मागे घेतो.

आता जे लिहायचे ते तुझ्या काकूने विठ्ठलाची शपथ घालून बंद केले होते. तू नोकरी सोडून धावत येशील, असे तिला वाटते. त्या दिवशीही आम्ही तिथेच निघालो होतो. ओठावर आलेले ठिकाणाचे नाव उंबऱ्यावर उच्चारायला माझी जीभ धजली नाही.

हे पत्र मी तिरुभुवनम् रस्त्यावरच्या हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितो आहे. आत काकूचे रक्त यंत्रातून शुद्ध होते आहे. चार तास लागतात. आषाढापासून आठवड्यातून तीन वेळा. मिनीबस दारापासून चाळीस पावलांवर मिळते, म्हणून जमते. परतताना तिला चाळीस पावलेसुद्धा दोनदा थांबून चालावी लागतात. पाचशे कशी चालेल?

आज सकाळी ती म्हणाली, "जननीला पत्र लिहिताय ना? केळीचं लिहा. दुसरं काही लिहू नका." केळीचे पहिल्या पानावर लिहिले आहे.

हरकतीचा एक अर्ज मी पालिकेत देतो. सोबत दुसरा कागद आहे, तो तुझ्यासाठी. गुरुमूर्तीने काल रात्रीच घरोघर जाऊन खऱ्या खेपा लिहून सह्या घेतल्या आहेत. अकरा घरांच्या झाल्या. आपले घर रिकामे होते, ते मी आत्ता भरले. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी साडेसात. जाणारी माणसे दोन.

तुमच्या कम्प्युटरात घालशील तेव्हा त्यातला एक ठिपका हळू चालव. आणि दुपारी परत येणारी माणसेही मी दोनच लिहिली आहेत. तो आकडा कोणालाही बदलू देऊ नकोस.

तुझा,
चंद्रमौलीकाका