रांगेत शिर्क्यांची जागा

११ जानेवारी, शनिवार
कॅनडा नक्की. एप्रिलचा दुसरा आठवडा, सस्कॅचेवान, स्नो गूज म्हणजे पांढऱ्या रानहंसांची शिकार. आम्ही तिघं: मी, शिर्के आणि परुळेकर डेंटिस्ट. गाइडचं उत्तर आलं. तीन माणसं असतील तरच तो शेत उघडतो, दोघांसाठी नाही. नावं १६ फेब्रुवारीपर्यंत कळवायची. बंदुका त्याच्याच. बरं झालं, विमानतळावरची कटकट वाचली.
सईला फोनवर सांगितलं. "आई, यू आर सिक्स्टी!" एकोणसाठ. "अँड यू विल किल बर्ड्स?" हो. इतके वाढलेत की उत्तरेत ज्या जमिनीवर घरटी करतात तीच मुळासकट उकरून खातात. तिथलं सरकारच मारा म्हणतं. आणि मारू ते खाऊ. "ओके, व्हॉटेव्हर."

१२ जानेवारी, रविवार
नवरा, अविनाश, म्हणतो, इथे आखातात क्लबात हवेत सोडलेल्या मातीच्या तबकड्या बंदुकीने फोडतेस ते पुरे नाही का. नाही. नऊ वर्षं फोडल्या. तबकडी कुठून निघणार, कुठे जाणार, सगळं आधीच ठरलेलं. एकदा डोक्यावर पांढरं आभाळ उतरताना बघायचं आहे.
शिर्क्यांचं वेगळं. आजोबा शिकारी, साताऱ्याकडचे. हे कळते होईतो कायद्याने शिकार बंद. गोष्टी तेवढ्या वाट्याला आल्या. क्लबात त्यांच्या जवळपास कोणी नाही. मला बंदूक धरायला त्यांनीच शिकवलं. पण जिवंत पक्ष्यावर आजवर एक गोळी नाही. "एकदा तरी खरा पक्षी, वहिनी. मग खलास, बंदूक खाली ठेवतो."

१८ जानेवारी, शनिवार
गाइडच्या सूचना छापून दोघांना दिल्या. शेतात शेकडो खोटे पक्षी मांडायचे, त्यांच्यात पांढरे कपडे घालून चिखलात उताणं पडायचं, एका रांगेत. पक्षी डोक्यावर आले की हाक येते, तेव्हा उठून बसायचं. उभं राहायचं नाही. आणि प्रत्येकाला समोरचा आभाळाचा एकच तुकडा. शेजाऱ्याच्या तुकड्यात नळी गेली की गाइड त्याच क्षणी बंदूक काढून घेतो. बरोबर आहे.
पांढरे कपडे शिर्क्यांकडचेच. काँट्रॅक्टिंगच्या धंद्यात पेंटरांचे ओव्हरऑल ढिगाने. पाठीवर लाल अक्षरात कंपनीचं नाव, म्हणून आतली बाजू बाहेर करून उलटे घालायचे. परुळेकर आरशात बघून म्हणाले, "उद्यापासून दात नाही, भिंती."

२५ जानेवारी, शनिवार
पहिला सराव. अजमान, शिर्क्यांचं यार्ड. शेजारी पशुखाद्याचं गोदाम, त्यामुळे कबुतरंच कबुतरं. रशीद फोरमन पत्र्याचा डबा बडवतो, कबुतरं उडतात, आम्ही तिघं वाळूतून उठून बसतो आणि झाडूचे दांडे रोखतो. बाहेरून कोणी बघितलं असतं तर पोलीस आले असते.
गुडघे ठीक. परुळेकरांचं पोट आड येतं. करतील.
पण मध्ये पडलेले शिर्के. कबूतर डावीकडे वळलं की त्यांचा दांडा त्याच्याबरोबर निघाला, परुळेकरांच्या डोक्यावरून थेट भिंतीपर्यंत. एकदा नाही, चारदा.
"शिर्के, दांडा डॉक्टरांच्या कपाळावरून गेला."
"दांडाच आहे हो, वहिनी."
"एप्रिलमध्ये नसेल."
परुळेकर पडल्या पडल्या: "माझी टाळू मला प्रिय आहे, शिर्के."
हसण्यावारी गेलं.

२६ जानेवारी, रविवार
कारण सापडलं. क्लबात नेम धरणारा एकटा पुढे उभा, बाकी सगळे मागे. डावी-उजवीकडे कोणी नसतंच. आम्ही सगळे तसेच शिकलो. त्यात बार उडवल्यावरही हात थांबवायचा नाही, तबकडीबरोबर जात राहायचं. "थांबलात की हुकलात," हे मला शिर्क्यांनीच हजारदा ऐकवलं. तीस वर्षं पूर्ण आभाळ त्यांचं होतं. ज्या गुणावर ढालींनी कपाट भरलं, तोच इथे नको.
पहिल्या फेरीत माझाही दांडा एकदा गेला. लिहून ठेवते. नंतर नाही गेला.

१ फेब्रुवारी, शनिवार
प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सळया ठोकून घेतल्या. हद्द ओलांडली की दांडा आपटून आवाज होतो. दहा फेऱ्या. परुळेकर एक, मी शून्य, शिर्के सहा.
शिर्के भडकले. "मला काय गोठ्यात बांधताय?"
मी म्हटलं, तुमचा हात डावीकडे पळतो. तुम्ही डावं टोक घ्या. पलीकडे माणूस नाही, फक्त उजवी बाजू सांभाळायची. परुळेकर मध्ये, मी उजवं टोक.
"मी कडेला? उशिरा आलेल्याला पंगतीत बसवतात तसा?"
"हो."
"वहिनी, हा बेत माझा. तुम्हाला बंदूक मी हातात दिली."
"म्हणूनच तुम्हाला कळायला हवं."
चहा न घेता आत निघून गेले. स्वतःच्याच यार्डात. रशीदने आम्हा दोघांना चहा दिला, खाली बघून.

२ फेब्रुवारी, रविवार
अविनाशला सगळं आधीच कळलेलं. शिर्के त्याचे अकरावीपासूनचे मित्र.
"अगं, जरा गोड बोलली असतीस."
"गोड बोलून दांडा थांबत नाही."
"आणि नाही गेलात तर काय बिघडलं?"
बिघडतं. शिर्के गळले की दोघं उरतो, आणि दोघांना शेत नाही. तिसरा म्हणून क्लबातला, मरीना भागात राहणारा तो बँकवाला तयार आहे, पण बंदुकीपेक्षा त्याचं लक्ष मोबाइलच्या कॅमेऱ्यात. नको. आणि शिर्क्यांना सोडून गेले तर तिथे पाडलेला पक्षी माझ्या घशाखाली उतरणार नाही. म्हणून त्यांना न्यायचं. पण असंच नाही न्यायचं.

८ फेब्रुवारी, शनिवार
शिर्के आले नाहीत. यार्ड त्यांचं, तरी आले नाहीत. ऑफिसच्या खिडकीत दिवा चालू होता.
परुळेकर म्हणतात, "वहिनी, राहू द्या त्यांना मध्ये. मी वाकून राहीन." मूर्खपणा. पक्षी उतरताना वाकून कोण राहतं? त्यांनाही उठून बसायचंच आहे.
तिथूनच शिर्क्यांना मेसेज केला. येत्या शनिवारी सकाळी सात वाजता, डावं टोक. नाहीतर बेत रद्द, मी गाइडला कळवते. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही.
व्हिसाचे तिघांचेही कागद पूर्ण करून ठेवले. तिघांचेही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
माझ्या ऑफिसातल्या ऑडिटच्या मध्येच रशीदचा फोन. "मॅडम, सेठ को मत बोलना. चार दिन से रोज सुबह सेठ वहाँ लेटता है. मैं डिब्बा बजाता हूँ." मी विचारलं, कुठल्या टोकाला? "बाएँ वाला, मॅडम. बहुत गाली देता है." कोणाला? "कबूतर को. थोडा आपको भी."
फोन ठेवला. ऑडिटर विचारत होता, गुड न्यूज? म्हटलं, प्रोसीड.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
मेसेज: "येतो." बास.

१५ फेब्रुवारी, शनिवार
सातला पाच कमी असताना शिर्के हजर. उलटा ओव्हरऑल घालून सरळ डाव्या टोकाला जाऊन पडले.  
दहा फेऱ्या. एक ते नऊ, उजवीकडची सळई गप्प. सातव्याला तर दोन कबुतरं परुळेकरांवरून गेली आणि यांचा दांडा हद्दीशी येऊन थांबला.  तीस वर्षांची सवय अशी हातात धरून ठेवायला काय लागतं, ते मला माहीत आहे.
दहावी. एक कबूतर गोदामापर्यंत जाऊन उलटं फिरलं, खालून, अगदी सोपं. दांडा त्याच्याबरोबर गेला. ठण्ण.
परुळेकर म्हणाले, "मला लागलं नाही हां."
शिर्के उठून बसले, वाळू झटकली. "दहात नऊ, वहिनी. आमच्या वेळी साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास होता."
परुळेकर हसले. मला हसू आलं नाही. सोपा पक्षी आला तेव्हाच दांडा हद्दीबाहेर गेला, हेच वाईट. तिथे सगळे सोपेच वाटतील.
गाइडला मेल लिहून ठेवली आहे, तिन्ही नावं घालून. पाठवलेली नाही. मुदत उद्याची.
शिर्क्यांना सांगितलं, उद्या सकाळी सातला परत. दहाच फेऱ्या. सळया काढायच्या. आणि तुमच्या उजवीकडे डॉक्टर नाहीत, मी.
"सळया नाहीत? आणि दांडा तुम्हाला लागला तर?"
"तर कळेल."
 शिर्के रशीदकडे वळून म्हणाले, "कल डिब्बा जरा धीरे बजाना."
मी म्हटलं, नाही रशीद. आज बजाया वैसाच.