तुडतुड्याच्या पायाचा काटा

जबलपूर, मंगळवार, नोव्हेंबर १९४३

आज खोटं बोललो. धानाचा रस शोषणाऱ्या त्या तुडतुड्याला शेतकी कचेरीत आम्ही सगळे नेहमीचाच समजत होतो. त्याच्या मागच्या पायाचा काटा हलतो, म्हणजे जात वेगळी, असं सोबतच्या तिवारीनं भिंगातून दाखवलं, तेव्हा मी हसलो होतो. पुढे तिवारी कचेरी सोडून लढाईच्या सामानाच्या कारखान्यात लागला. काटा खरंच हलतो, हे मला परवा दिसलं. साहेबांना सांगितलं. नमुन्याच्या चिठ्ठीवर शोधणारा म्हणून माझं नाव लागलं, मी लागू दिलं.

संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी तिवारी भेटला, हात तेलानं काळे.

"भैया, वो कीड़ा अलग निकला क्या?"

"नहीं."

"अच्छा. मेरी ही नज़र कच्ची होगी."

मी हो म्हणून मान हलवली. काहून हलवली?